दगडांना न येणारी हाक

"सगूऽऽ! अगं ए सगूऽऽ! माय, ओ दे ना गंऽऽ!"

वहिनी ओरडत होती. दिल्लीच्या त्या भल्यामोठ्या संग्रहालयात, दगडी मूर्तींच्या दालनात. जिथं माणसं एकमेकांच्या कानाशी लागून बोलतात, चप्पल वाजली तरी ओशाळतात, तिथं. तिचा डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, हातांना लोकरीचे तंतू चिकटलेले होते आणि गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. एक पहारेकरी "मैडम, चिल्लाइए मत" म्हणत पुढं आला, तिचा चेहरा बघितला आणि होता तिथंच थांबला.

मी तिच्या शेजारी उभा होतो. मीही ओरडत होतो. तिच्यापेक्षा मोठ्यानं.

आणि मला ठाऊक होतं की सगू ओ देणार नाही.

हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवापुढं नाही, दारू प्यायलो तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या गावचे नाहीत. निदान नसाल अशी आशा आहे.

मी खंडू. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा. आमच्या घरात मेंढरं आहेत. थोरला भाऊ ती राखतो, त्यांच्या लोकरीच्या घोंगड्या विणतो, वहिनी सूत कातते आणि मी विकतो. वसमतच्या बाजाराला कधी आला असाल तर माझी घोंगडी घेतली नसेल एक वेळ, पण माझा आवाज नक्की ऐकला असेल. या घोंगडीवर विंचू चढत नाही, साप वळसा घालून जातो, आणि नवरा-बायकोचं भांडण तिच्याखाली शिरलं की तिथंच दम कोंडून मरतं! लोक हसतात. हसता हसता खिशात हात घालतात. माझा धंदाच तो.

दिल्लीची गोष्ट तर मी पार वापरून झिजवली. माझ्या गोष्टीतलं संग्रहालय एवढं मोठं आहे की तरणा माणूस आत गेला तर बाहेर येईस्तोवर मिशा पिकतात. माझ्या गोष्टीत सगू हरवते तेव्हा फौज बोलावतात, कुत्री सोडतात, एक मोठे साहेब रुमालात तोंड लपवून रडतात. आणि मग साखऱ्याचा खंडू पुढं होतो, कोकराची हाक देतो आणि लेकरू सापडतं! टाळ्या. एक घोंगडी विकली जाते, कधी दोन.

त्यातली फौज खोटी आहे, कुत्री खोटी आहेत. ती मला टोचत नाहीत. कोकराची हाक मात्र खरी आहे. टोचते ती.

पण हळू. मला नीट क्रमानं सांगता आलं पाहिजे. नाहीतर मी पुन्हा एखादं कुत्रं सोडून पळ काढीन — माझा मला भरवसा नाही.

त्या संग्रहालयात कुटुंबांसाठी एक दिवस ठेवला होता. दिल्लीतली माणसं लेकरं घेऊन येणार, आणि लेकरांनी नुसतं काचेला नाक लावून बघायचं नाही, हातानं करायचंही. अंगणात मांडव घातले होते. एका मांडवात मातीचे शिक्के उठवायचे, एकात कागदाचे मुखवटे रंगवायचे, आणि एका मांडवात आम्ही. दादा लोकर पिंजत होता, वहिनी चरख्यावर सूत काढत होती. भोवती पोरांचा हा घोळका! प्रत्येकाला लोकरीत हात घालायचा होता. वहिनी एकेकाचा हात धरून त्याच्या बोटांना पीळ शिकवत होती. हिंदीचा गंध नाही तिला, पण पोरं बरोबर समजत होती.

हिंदी माझ्याकडं होती. बाजारची, मोडकी, पण खणखणीत. मी मांडवाच्या तोंडाशी उभा राहून सांगत होतो की आमच्या एका घोंगडीवर बसून आख्खा कळप सिद्धेश्वरच्या धरणातून पलीकडं गेला, आणि एकाही मेंढीचा खूर भिजला नाही. दिल्लीची माणसं खो खो हसत होती. इंग्रजी बोलणारी, चष्मेवाली माणसं — आणि माझ्या तोंडाकडं बघत होती! तुम्हाला हे सुख कळतंय का? नशाच ती.

सगू, दादा-वहिनीची लेक, तेव्हा पहिलीत होती. तिनं मुखवट्यांच्या मांडवात जाऊन एक कोकरू रंगवून आणलं. पांढरं तोंड, काळे कान, मागं दोरा. ते तोंडाला बांधूनच फिरत होती. तिथल्या बाईंनी पोरांना एकेक कागद दिला होता. आत जाऊन, कुठं बैल दिसतो, कुठं हत्ती, कुठं मोर, ते शोधायचं. सगूला आत जायचं होतं.

वहिनी चरखा सोडू शकत नव्हती. तिनं सगूचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "भाऊजी, हात सोडू नका बरं. लई मोठं हाय हे."

"काय वहिनी तुमी," मी म्हणालो, "कळपातली मेंढी हरवली न्हाई माझ्याकडून कधी."

मी कळप राखलेलाच नाही कधी. जाऊ द्या.

आत गेलो. काय नव्हतं तिथं? माणूस मावेल एवढाले मातीचे रांजण, हातभर लांब पात्यांचे खंजीर, नखाएवढी नाणी, कापडावर काढलेली लढाई — घोड्याच्या नाकातली वाफसुद्धा दिसेल अशी. एका काचेखाली हाडांचा सापळा होता, मातीत कुशीवर निजवलेला. सगू तिथं बराच वेळ उभी राहिली.

"काका, हे निजलंय?"

"निजलंय. पण कान उघडे हायेत त्याचे."

तिनं माझा हात घट्ट धरला. मला गंमत वाटली. लेकरू घाबरलं की आपण मोठे होतो, असं काहीतरी असतं बघा.

मग दगडी मूर्तींचं दालन. उंच छत, अंधूक उजेड. दोन्ही बाजूंनी देव, यक्षिणी, सिंह, नाक तुटलेले, हात तुटलेले. सगूला बैल सापडला. दगडाचा नंदी, चांगला थोराड. ती नाचायलाच लागली. तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे, ये तो वही कंबलवाले भैया हैं!" मघाशी मांडवात हसणारं एक कुटुंब होतं. सोबत आणखी दोन कुटुंबं. पलीकडच्या शस्त्रांच्या दालनात चला, म्हणाले, तिथल्या तलवारींबद्दल काहीतरी सांगा!

मला तलवारींबद्दल काय माहीत? काही नाही. म्हणूनच तर मजा येणार होती.

पण सगू. ती दर दोन पावलांवर थांबणार, हात ओढणार, काका हे काय, काका ते काय. गोष्ट रंगात आली की मधेच "काका, मला शी आली" म्हणणार. मला ती अर्धी घटका एका जागी बसलेली पाहिजे होती. एवढंच.

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. मेंढरं घेऊन रानात उतरलं की दिवस बुडायच्या सुमाराला आमची माणसं एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. ओढ्यात, बाभळीत जे काय असतं ते नाव उचलतं म्हणे. मग ओळखीच्याच आवाजात तेच नाव घेऊन बोलावतं. ओ दिली की माणूस गेला. म्हणून हाक द्यायची ती कोकराला बोलावतात तशी. जीभ टाळूला लावून टक् टक्, आणि मग नाकातून लांब 'म्हंऽऽ'. समोरच्यानं तसंच उत्तर द्यायचं. सगू धड बोलायला लागली त्याच्या आधी ही हाक शिकली होती.

मी तिला भिंतीकडच्या बाकावर बसवलं. तिच्यासमोर उकिडवा बसलो. आवाज खाली आणला. आवाज कुठं खाली आणायचा हे मला फार चांगलं कळतं.

"सगू, हे सगळे दगडाचे हायेत ना, हे दिवसभर ऐकत असतात. कोण कुणाला काय नावानं बोलावतं ते. माणसं पांगली की मग हे हाका मारतात. तुझं नाव घेतील. तुझ्या आईच्या आवाजात घेतील. ओ दिलीस, उठलीस, की तू बी दगड."

"बाबाच्या आवाजात बी?"

"बाबाच्या बी."

"मग मला कसं कळायचं?"

लेकराची अक्कल बघा. पण मला उत्तर सुचतंच.

"कोकराची हाक यांना येत न्हाई. ती मी देईन. तवाच यायचं."

तिनं पाय बाकावर वर ओढून घेतले. कोकराचा मुखवटा तोंडावर नीट केला. मी उठलो आणि तलवारींकडं गेलो.

तलवारी फार रंगल्या. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. परत आलो तेव्हा बाक रिकामा होता.

मी दालनभर फिरलो. शेजारच्या दालनात बघितलं. वाटलं, गेली असेल मांडवात आईकडं. तेवढ्यात समोरून वहिनीच आली, जेवणाची सुट्टी झाली म्हणून हात झटकत, हसत. "सगू कुठं हाय, भाऊजी?"

मी काय म्हणालो असेन?

"तुमच्याकडंच तर दिली ना वहिनी मघाशी? तुमी सूत काढून राहिला होता तवा. हातात हात देऊन गेलो की तुमच्या!"

विचार करून बोललो नाही. पण बोललो कसं, बघा — हात, सूत, सगळं तपशिलासकट. वहिनीचं हसू तिथंच मेलं. आणि मग तिच्या तोंडावर जे आलं ते मला आजही दिसतं. ती मला खोटं म्हणाली नाही. ती आठवायला लागली. "मला दिली होती? ... इतक्या पोरांचे हात होते हो ... मला दिली होती का?" स्वतःच्या हाताकडं बघत होती ती. त्या हातात माझ्या तोंडून निघालेलं खोटं मी ठेवलं आणि तिनं ते धरलं.

मग ती ओरडायला लागली. तिथून ही गोष्ट मी सुरू केली.

दादा धावत आला. पहारेकरी धावले. दालनादालनांतून वहिनीचा आवाज फिरत होता, आणि त्या उंच छतांमध्ये त्याचं काय होत होतं, ते कसं सांगू? सगूऽऽ म्हटलं की समोरच्या भिंतीकडून 'सगूऽऽ' यायचं. मग डावीकडून. मग मूर्तींच्या मागून. सगळीकडून वहिनीचा आवाज, आणि वहिनी तर माझ्याजवळ उभी. मी रचलेलं होतं ते. मी, तिथंच, बाकासमोर उकिडवा बसून रचलेलं. आणि ते माझ्या कानांसमोर होत होतं!

यावर कळस झाला तो पुढं. तिथल्या एक बाई वहिनीला कचेरीत घेऊन गेल्या आणि तिच्या तोंडासमोर माईक धरला. आणि मग छतातून, भिंतींतून, प्रत्येक दालनातून वहिनी बोलायला लागली. "सगू, मी आई बोलून राहिले गं. ये माय. कुठं हायेस? ओ दे." यक्षिणीच्या डोक्यावरून. सिंहाच्या मागून. त्या निजलेल्या सापळ्याच्या काचेवरून.

ते लेकरू कुठंतरी बसून हे ऐकत होतं. काका म्हणाले तसंच झालं, म्हणत होतं.

दादा माझ्याजवळ होता. त्यानं माझा दंड धरला. "खंड्या, तुझं डोकं चालतं ना रे? सांग ना कायतरी!"

मला फक्त जीभ टाळूला लावायची होती. दिली का मी हाक?

नाही दिली.

काहून? — इथं येऊन मी नेहमी थांबतो. मनातल्या मनातसुद्धा. तर ऐका. हाक दिली असती तर सगू आली असती. आली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, ओ काहून दिली नाहीस? आणि ती म्हणाली असती, काकांनी सांगितलं होतं. ती सापडेपर्यंत मी सुरक्षित होतो. ती सापडली की संपलो. आणि दादानं माझा दंड धरलेला असताना, वर छतातून तिची आई रडत असताना, माझ्या मनात आलं — ती सापडली नाही तर?

पूर्ण आलं. अर्धवट नाही. आलं आणि थोडा वेळ बसलं. मी त्याला उठवलं नाही.

तेवढ्यात फाटकाकडून निरोप आला की लाल परकरातली एक पोरगी एका बाईबरोबर रस्त्याकडं जाताना दिसली. सगूचा परकर लालच होता. दादा पळाला, वहाणा तिथंच सुटल्या. फाटकाबाहेर दिल्लीचा रस्ता, गाड्यांची रांग थांबत नाही असा. पळणाऱ्या दादाकडं बघत पहारेकरी मला म्हणाला, पुलिस को बुलाया है, अब कैमरे में सब देख लेंगे.

कॅमेऱ्यात सगळं दिसणार होतं. बाक. उकिडवा बसलेला मी. मग एकटा तलवारींकडं जाणारा मी.

म्हणून मी हाक दिली. नीट ऐका. पुतणीची माया दाटून आली म्हणून नव्हे, वहिनीची कीव आली म्हणून नव्हे. कॅमेऱ्याला घाबरून. पहारेकरी पुढं जाईस्तोवर थांबलो, दालनात मी आणि दगड उरलो, आणि मग जीभ टाळूला लावली. तोंड इतकं कोरडं होतं की पहिल्यांदा वाजलीच नाही. पुन्हा. टक् टक्. म्हंऽऽ.

नंदीच्या मागून, चौथरा आणि भिंत यांच्यातल्या फटीतून, बारीक उत्तर आलं. "म्हंऽऽ."

ती आडवी सरकत बाहेर आली. तोंडावर कोकराचा मुखवटा, परकर ओला. बाकासमोरची ती नाक तुटलेली दगडी बाई तिच्याकडं बघून राहिली होती म्हणे, म्हणून ती बैलामागं गेली. बैल काही करत नाही. ती माझ्या गळ्यात पडली, पण रडली नाही. आवाज न करता थरथरत होती नुसती — आजही ते थरथरणं माझ्या छातीला जाणवतं.

पुढचं तुम्हाला बाजारात ऐकायला मिळेल. टाळ्या वाजल्या, हे खरं आहे. दादानं मला मिठी मारली, हे खरं आहे. फाटकातली पोरगी दुसरीच होती. सगू सापडली म्हटल्यावर कॅमेरे कुणी बघितले नाहीत.

मी काय सांगत नाही, ते ऐका. सगूचे कान वसमतला दाखवले, मग नांदेडला मशीनवर तपासले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. तरी आमची आई अजून तिच्या कानात तेल घालते, आणि शाळेत ती सदा पहिल्या बाकावर. दादाला संग्रहालयाचं बोलावणं पुन्हा आलं. दादा गेला, मला नेलं, वहिनीला नेलं नाही. "हिच्या हातून लेकरू सुटतं," म्हणाला, सगळ्यांसमोर, अगदी सहज. वहिनीनं मान खाली घातली. तिला ते खरंच वाटतं. त्या दिवशी फाटलेला तिचा आवाज पुन्हा सांधला नाही. तेव्हापासून ती घोगरं बोलते. चुलत्याच्या घरच्या लग्नातही कुणी तिच्याकडं तान्हं दिलं की म्हणते, नको, दुसऱ्या कुणाकडं द्या. आणि सगू आता दहावीला आहे. तिची आई अंगणातून त्या घोगऱ्या आवाजात तिला बोलावते. पहिल्या हाकेला सगू आजही मान वर करत नाही. थांबते. बघून घेते. मग ओ देते.

मी दिल्लीची गोष्ट रंगवत असतो तेव्हा ती कधी कधी उंबऱ्यात बसलेली असते. हसत नाही, चिडत नाही. ऐकते. अशा वेळी माझ्या गोष्टीतली कुत्री आपोआप कमी होतात. मला त्या पोरीची भीती वाटते, आणि का, ते तेवढं सांगायचं राहिलंय.

त्या दिवशी, दगडांच्या दालनात, मी तिला कडेवर घेऊन उभा होतो. तिच्या कानात काही सांगावं एवढाही वेळ मिळाला नाही. सगळे धावत आले. दादा अनवाणी, पहारेकरी, कचेरीतल्या बाई, तलवारींची गोष्ट ऐकलेली ती कुटुंबं. वहिनी आली. तिनं सगूला हिसकावून घेतलं, खाली बसवलं, मुखवटा वर सारला आणि तिचे दोन्ही गाल धरून, उरलासुरला आवाज काढून विचारलं, "इतक्या हाका मारल्या गं मी. तू ओ काहून दिली न्हाईस?"

सगूनं आईकडं बघितलं नाही. मान वळवून माझ्याकडं बघितलं. खूप वेळ — मला तरी खूप वेळ वाटला.

मग आईकडं वळली आणि म्हणाली, "मला ऐकू आलं न्हाई."